चाळीस गजांच्या पलीकडे

३ जानेवारी २००८, गुरुवार

नाशिकला आलो आणि पहिल्याच दिवशी सगळं चांगलं झालं. घोटीहून साडेसातची एस.टी. मिळाली, खिडकीशी जागा मिळाली, शेजारच्या बाईंनी अर्धी भाकरी आणि लाल चटणी दिली. मला काम देणाऱ्या ललितभाऊंचं सायबर कॅफे सिडकोत आहे, त्रिमूर्ती चौकातून आत गेल्यावर दुसऱ्या गल्लीत. आठ मशीन आहेत. मधे प्लायवूडच्या फळ्या, प्रत्येक मशीनवर रंगाने नंबर. वर पोटमाळा आहे, तो मला राहायला. शेजारी बेकरी आहे, त्यामुळे सकाळी माळ्यावर पावाचा वास येतो.

काम सोपं आहे. येणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर आणि वेळ वहीत लिहायची. की-बोर्ड पुसायचे. अडकलेलं मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. ललितभाऊंनी माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, की नाथा, तू इथं कॅफे चालवायला आलायस की तहसील कचेरी? दहावी नापास माणसाचं इतकं शुद्ध लिहिणं त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. मी म्हणालो, इंग्रजीत गेलो, मराठीत नाही.

खूप आनंद झाला आहे. झोप येईलसं वाटतं.

५ जानेवारी, शनिवार

ही वही मीनाताईची आहे. पहिल्या पानावर तिचं नाव आहे, बाकी कोरी. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. आमच्या वाडीत बारावी झालेली ती पहिली मुलगी. मी शाळा सोडली तेव्हा तिने अट घातली होती, की रोज एक पान लिहायचं, नाहीतर आलेलं अक्षरही जाईल. आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत वही-पाटी नसायची, तर ती बांधावरच्या ओल्या चिखलात काडीने शब्द काढायची आणि मी चुकलो की पायाने पुसायची.

ती असती तर नाशिकला तीच आली असती. तिने डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता.

गेल्या श्रावणात ती ओहोळात गेली. पाणी अचानक वाढलं. ती पलीकडे होती, मी अलीकडे. त्या वेळी मी काय केलं ते या वहीत लिहायची अजून हिंमत नाही. पण नाशिकला मी त्यासाठीच आलो. घरातून ओहोळ दिसतो.

७ जानेवारी, सोमवार

आज खेळ शिकलो. चार नंबरच्या मशीनवर रोज संतोष नावाचा इंजिनिअरिंगचा मुलगा येतो. तो आणि त्याचे तीन मित्र एक ऑनलाइन खेळ खेळतात. मित्र आपापल्या घरून, संतोष इथून. पाच जणांची टोळी लागते आणि त्यांचा पाचवा पळाला होता. पाचव्याचं काम वैद्याचं. लढायचं नाही, फक्त बाकीच्या चौघांच्या जिवाच्या पट्ट्या बघत बसायचं आणि कुणाची पट्टी उतरली की मंत्र टाकून भरायची. संतोष म्हणाला, की हे काम कुणालाच नको असतं, बोअर आहे.

मला बोअर झालं नाही. ललितभाऊंनी दुपारची गर्दी नसताना खेळायची परवानगी दिली. गिऱ्हाईक टिकतं म्हणे. संतोष मला वैद्यबुवा म्हणतो. तीन नंबरवर मी, चारवर तो, आणि मधल्या फळीवर थापा मारून तो ओरडत असतो, की वैद्यबुवा, बघताय ना इकडे, मेलो ना मी, बारावं जेवायला याल का?

एकच अडचण. मंत्र ठरावीक अंतरापर्यंतच पोचतो. माणूस जरा लांब गेला, की पडद्यावर इंग्रजीत तांबडी ओळ येते, ‘फार दूर आहे.’ ती ओळ आली की मी उगाच पुन्हा पुन्हा तेच बटण दाबतो.

९ जानेवारी, बुधवार

संतोषने पेन ड्राइव्हवरून एक ॲड-ऑन आणून माझ्या मशीनवर टाकला. ॲड-ऑन म्हणजे खेळाला बाहेरून लावलेलं ठिगळ. पडद्याच्या कोपऱ्यात जो छोटा गोल नकाशा असतो, त्यावर हा वर्तुळं काढतो. मधे मी. माझ्याभोवती हिरवं वर्तुळ, चाळीस यार्डांचं, म्हणजे चाळीस गज. मंत्र तिथवर पोचतो. त्याच्या आत पिवळं, तीस गजांचं. मेलेल्या गड्याला उठवायचं असेल तर तो पिवळ्याच्या आत पाहिजे. शत्रूभोवती लाल वर्तुळ, त्याचा हात कुठवर पोचतो ते. गडी हिरव्याच्या आत असला की त्याचा ठिपका हिरवा, बाहेर गेला की राखाडी. ठिपक्यावर क्लिक केलं की अंतर आकड्यात येतं.

मी बराच वेळ नुसता ती वर्तुळं बघत बसलो. किती साधी गोष्ट आहे. आपला हात कुठवर पोचतो हे आधीच दिसलं, तर माणूस दोन पावलं पुढे होतो आणि समोरचा वाचतो. आज आमच्यातलं एकदाही कुणी मेलं नाही. संतोषने मला बेकरीतली खारी खाऊ घातली.

१० जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एक विचित्र गोष्ट झाली. नीट क्रमाने लिहितो.

टोळीतल्या कुणी छोट्या नकाशावर क्लिक केलं, की सगळ्यांच्या नकाशावर तिथे एक कडं उमटतं आणि ‘टुंग’ असा आवाज होतो. इकडे बघा, एवढाच त्याचा अर्थ. आज नकाशाच्या अगदी कडेला, डावीकडे खाली, दोनदा तसं झालं. टुंग. थांबून पुन्हा टुंग. तिथे एक राखाडी ठिपका होता. मी चौघांना विचारलं. कुणी क्लिक केलं नव्हतं, आणि कुणाच्या नकाशावर ते दिसलंही नव्हतं. ठिपक्यावर क्लिक केलं तर नाव आलं नाही, फक्त आकडा आला. ३९,४२०. संतोष हसला. खेळातलं अख्खं जग एवढं मोठं नाही म्हणे, ॲड-ऑन गंडलाय.

असेल. पण ते दोनदा वाजून थांबणं मला आवडलं नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात धुकं इतकं दाट असतं, की शेजारच्या बांधावरचं माणूस दिसत नाही. म्हणून लोक कुकारा घालतात. लांब, उंच आवाजात, कूऽऽ. पलीकडच्याने तशीच ओ द्यायची. पण दिवेलागणीनंतर पहिल्या कुकाऱ्याला ओ द्यायची नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला द्यायची. माणूस तीनदा हाक मारतो. जे माणूस नसतं, ते दोनदा मारून गप्प बसतं आणि आपण ओ दिली की घेऊन जातं. हे आमच्या वाडीत पोराला चालायला शिकवतानाच शिकवतात.

११ जानेवारी, शुक्रवार

आजही. साडेसहा. टुंग, टुंग. आकडा ३६,१००.

आम्ही खेळात दुसऱ्याच ठिकाणी होतो, कालच्या जागेपासून पुष्कळ लांब. तरी ठिपका नकाशात त्याच दिशेला. खेळाच्या नकाशात वर उत्तर असते, म्हणजे ठिपका नैऋत्येला. मी चालवून पाहिलं. मी उत्तरेला पळालो, पूर्वेला पळालो. तो नैऋत्येलाच.

१३ जानेवारी, रविवार

काल ३२,९००. आज २९,७५०.

मी आज एक मूर्खपणा केला. स्टँडवरून जिल्ह्याचा नकाशा आणला आणि माळ्यावर पसरला. कंपास अजून माझ्याकडे आहे, ताईचीच. एक गज म्हणजे तीन फूट. आकड्यांचे किलोमीटर केले, नकाशाच्या मापाने कंपास उघडली, टोक सिडकोवर टेकवलं आणि रोजच्या आकड्याचं एकेक वर्तुळ काढलं. मग सिडकोतून नैऋत्येला रेघ मारली.

गुरुवारचं वर्तुळ त्या रेघेला जिथे कापतं, तिथे आमची वाडी आहे. वाडीसुद्धा नाही. ओहोळ.

शनिवारचं घोटीला कापतं. आजचं घोटीच्या अलीकडे, हायवेवर.

तीनदा तपासलं. बेरीज-वजाबाकीत मी चुकत नाही. रोज तीन हजार गजांच्या आसपास कमी होतात. म्हणजे पावणेतीन, तीन किलोमीटर. दिवेलागणीपासून पूर्ण अंधार पडेपर्यंत तासाभरात, अंगावर ओले कपडे असलेलं माणूस जेवढं चालेल, तेवढं.

असं लिहायला नको होतं. पण लिहिलं आहे तर खोडत नाही. ताईला खाडाखोड आवडायची नाही.

१५ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

ललितभाऊंनी तिळगूळ दिला आणि म्हणाले, की गोड बोल रे, नुसता बोल तरी, चार दिवस तोंडाला कुलूप लावून बसलायस.

दुपारी कॅफेच्या फोनवर आईचा फोन आला, घोटीच्या बूथवरून. बाबा पिंपळगावकडे द्राक्षांच्या बागेत गेलेत, घरी ती एकटीच आहे. जेवतोस का, थंडी लय हाय का, घोंगडी पुरते का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, की पोरा, तुला एक सांगायचं व्हतं, सांगत नव्हते तू भिशील म्हणून. श्रावणापासून रोज दिवेलागणीला ओहोळाकडून कुकारा यायचा. दोनदा. मीनाचाच आवाज. मी कानात बोटं घालून चुलीपुढं बसायचे. आता पाच-सहा दिस झाले, येत नाय. सुटली बघ माझी बाय. गेली जिथं जायचं तिथं.

आई रडत होती, पण बरं वाटल्यासारखं रडत होती. मी तिला घोंगडी पुरते एवढंच सांगितलं.

पाच-सहा दिवस. आज मंगळवार. गुरुवारी आकडा आला.

संध्याकाळी २३,५००.

१६ जानेवारी, बुधवार

आता लिहितो. नाही लिहिलं तर ही वही खोटी ठरेल.

ताई ओहोळापलीकडच्या खाचरात भाताचा शेवटचा तुकडा लावायला गेली होती. मला म्हणाली होती, की तू अलीकडे थांब, अंधार पडला तर दोर टाक. मी थांबलो. दोर माझ्या खांद्यावर होता. धुकं उतरलं, पाण्याचा आवाज वाढत गेला, समोरचं काही दिसेना. आणि कुकारा आला. ताईचाच. आवाज मी ओळखला. तिचा कुकारा शेवटी जरा वर चढायचा.

पण दिवेलागण झाली होती. मी ओ दिली नाही.

दुसरा आला. तो जरा खालून आला, पाण्याच्या अंगाने. मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. मी मनात मोजत होतो. मी भित्रा आहे, लहानपणापासून. तिसरा आला की ओ द्यायची, दोर टाकायचा, सगळं मनात तयार होतं.

तिसरा आला नाही.

दुसऱ्या दिवशी ती खालच्या बंधाऱ्याला सापडली. डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद तसाच गळ्याशी बांधलेला होता. ती पाण्यात उतरली तिथपर्यंतचं अंतर लोक मोजत होते, म्हणाले, हाकेच्या अंतरावर तर होती. मी ओ दिली असती, तर आवाजाच्या रोखाने ती आली असती. दोराच्या आत होती ती. चाळीस गजांच्या पुष्कळ आत होती.

आईला मी सांगितलं, की मला कुकारा ऐकूच आला नाही. वाडीत सगळे तेच समजतात.

आज २०,३००.

१७ जानेवारी, गुरुवार

ॲड-ऑनची फाइल साधी मजकुराची असते. संतोषने उघडून दाखवली होती. त्यात वर्तुळाचा आकडा लिहिलेला असतो, ४०. आज मी तो काळजीपूर्वक बदलला. बाकी एक अक्षर हलू दिलं नाही. ४० च्या जागी १८०००.

साडेसहाला टुंग, टुंग. हिरवं वर्तुळ नकाशाच्या बाहेर गेलं होतं. आणि ठिपका हिरवा झाला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी मंत्र टाकला. ‘फार दूर आहे.’ पुन्हा टाकला. ‘फार दूर आहे.’ किती वेळा टाकला, मोजलं नाही. मी मोजलं नाही असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं.

संतोष फळीवरून डोकावून बघत होता. त्याने आकडा पाहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, की अहो वैद्यबुवा, हा फक्त दाखवतो हो. वर्तुळ मोठं काढलं म्हणून हात लांब होत नाही.

मग थट्टा सोडून विचारलं, की नाथा, कोण आहे ते? मी मशीन बंद केलं.

१७,१५०.

१८ जानेवारी, शुक्रवार

संतोषने माझ्या मशीनवरून ॲड-ऑन काढून टाकला. माझ्यादेखत फोल्डर पुसला. म्हणाला, की तुझी तब्येत बघ जरा, डोळे बघ.

साडेसहाला खेळ बंद होता. मी कॅफेच्या वहीत एका बाईंचं नाव लिहीत होतो. तीन नंबरच्या पडद्यावर नुसतं निळं, डेस्कटॉप. त्याच्या कोपऱ्यात गोल नकाशा उगवला. फक्त नकाशा. हिरवं, पिवळं, मधे मी.

टुंग. टुंग.

१४,०००. फाइल पुसली तरी हिरवं वर्तुळ पुन्हा चाळीसचं झालं आहे. कुणीतरी नीट करून ठेवलं. चुकलेलं पुसून बरोबर लिहायची सवय कुणाला होती ते मला माहीत आहे.

१९ जानेवारी, शनिवार

१०,९००. विल्होळीच्या पलीकडे.

आज ठिपक्याभोवती वर्तुळ होतं. लाल.

२० जानेवारी, रविवार

७,८००.

सकाळी तीन नंबरचा की-बोर्ड उलटा केला तर पाणी पडलं. गढूळ. खाचरातल्या चिखलाचा वास. जानेवारीत, सिडकोत. बेकरीचा वास त्याच्यापुढे येतच नाही. ललितभाऊंनी मलाच झापलं, की चहा सांडून वर तोंड करून उभा राहतोस. मी चूक कबूल केली. दुसरं काय सांगणार?

लाल वर्तुळ शत्रूचं असतं, असं संतोष म्हणाला होता. रात्रभर त्याचा विचार केला. तिच्याही कोपऱ्यात असा नकाशा असेल, तर त्यात लाल कोण असेल? दोर खांद्यावर घेऊन गप्प उभा राहिलेला.

२१ जानेवारी, सोमवार

४,६५०. पाथर्डी फाट्याच्या जवळ.

संतोषने ललितभाऊंना काहीतरी सांगितलेलं दिसतं. ललितभाऊंनी दुपारी समोर बसवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, की चांदवडला माझ्या मेव्हण्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, चार महिने तिकडे जा, हवा बदलेल. उद्या पाचच्या गाडीत मी स्वतः बसवून देतो. गावी जायचं तर तिकडे जा, पण इथे नको आता. माझ्या पोटमाळ्यावर काही वाईट झालं तर मी तुझ्या आईला तोंड कसं दाखवू, रंगूबाईंना?

चांदवड उलट्या दिशेला आहे. ईशान्येला. म्हणजे रोज तीन हजार गज मिळाले तरी तिला वीस-पंचवीस दिवस लागतील. मग पुढे मालेगाव. मग पुढे. मला हिशोब जमतो. असं आयुष्यभर पळता येईल.

गावाकडची गाडी तर तिच्यावरूनच जाईल.

भीती वाटते. ताईची वाटते असं लिहायला हात वळत नाही — पण वाटते. दोनदाच वाजतं. जे माणूस नसतं, ते दोनदाच —

ती मात्र तेव्हा माणूस होती, आणि दोनदाच —

२२ जानेवारी, मंगळवार. सकाळ

टेपने मोजलं. तीन नंबरपासून शटरपर्यंत नऊ गज. शटरपासून नैऋत्येला, गल्ली ओलांडून, समोरच्या विजेच्या डीपीच्या अलीकडे — एकूण तीस. रस्त्यावर खडूने रेघ मारली. पुढे चाळीसवर दुसरी. ललितभाऊ म्हणाले, की संक्रांत झाली, आता कसली रांगोळी? हसवायला म्हणाले. मी हसलो.

पिशवी भरली आहे. वही शेवटी ठेवीन.

दुपार, चार वाजून दहा

कालचा आकडा चार हजार साडेसहाशे. आज तासभर चालली तर दीड हजार उरायला हवेत. म्हणजे ती उद्या पोचायला हवी. चांदवडला गेलो तर —

पण वेग वाढला तर? आत्ता नकाशा दिवसाढवळ्या आला. आवाज नाही. आकडा २,९००. बघता बघता २,८८०.

पळते, थांबते, पुन्हा पळते आहे. ताईला पळायला फार आवडायचं. बांधावरून.

पाचला दहा कमी

ललितभाऊ रिक्षा आणायला गेले. मी आतून शटर ओढून घेतलं. आडवी कडी घातली. ते बाहेरून हाका मारतायत. नाथा, अरे ए नाथा, गाडी जाईल. नाथा, उघड बाबा. — पाच झाल्या, सहा झाल्या. माणूस किती हाका मारतो.

मी ओ दिली. म्हणालो, भाऊ, मी नीट आहे. साडेसहाला उघडतो. तुम्ही संतोषला घेऊन या.

ते गेले.

सहा वाजले

लाइट गेली. लोडशेडिंग. सात मशीन बंद. तीन नंबर चालू.

६४०.

सहा वीस

१९०.

शटरच्या खालून पाणी येत नाही. मला वाटलं होतं येईल. फटीतून बघितलं. गल्ली कोरडी, लख्ख. कुणी नाही. पोरंसुद्धा नाहीत.

चाळीसची रेघ दिसते. तीसची दिसते.

सहा अठ्ठावीस

चाळीसची रेघ पुसली गेली. ओली झाली आणि — पाऊस नाही.

ठिपका हिरवा. खरा हिरवा, मी फाइल बदललेली नाही. मंत्र टाकला. तांबडी ओळ आली नाही. ताई, तांबडी ओळ आली नाही. पण काही होतही नाही. जिवंत माणसाचा मंत्र आहे तो.

उठवायचा टाकला. ‘फार दूर आहे.’

३१.

पिवळं तीसचं. तिचं लाल आणि माझं पिवळं टेकलंय एकमेकांना. ३१. हलत नाही. एक गज. एकच. ती थांबलीय. न बोलावता पुढे येत नसेल. आपल्याकडे कुणाच्या दारात असंच उभं राहायचं असतं, ओ येईपर्यंत —

सहा तीस

पहिला.

मशीनमधून नाही. बाहेरून. शेवटी जरा वर चढला.

आई, मी खोटं बोललो होतो. मला ऐकू आला होता. दोन्ही ऐकू आले होते. ही वही तुला कुणी वाचून दाखवली तर एवढं —

दुसरा.

तिसऱ्याची वाट बघायची. अक्षर बिघडतंय, ताई रागवेल. तिसऱ्याची वाट — मागच्या वेळी मी वाट बघितली. ती बघतेय आता, मी काय करतो ते. एक गज आहे. मी पुढे झालो तरी तो एक गज सरतोच.

कडी काढतो. ओऽ ताई, ओऽ, आलो, इथं आहे मी, इकडे, आवाजाच्या रोखाने ये, मी दोर